शेवटची सर्व्हिसिंग

कंपनीच बंद होत असल्यामुळे हे सर्व्हिस सेंटर शनिवारपासून कायमचं बंद, अशी पाटी काउंटरवर लावली होती. माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको आपल्या गाडीची वाट बघत बसले होते.

"एवढी चांगली कंपनी बुडाली. लोकांना कदरच नाही."

"नाही कशी? अकरा वर्षांत गाडी ढकलायला कधी माणसं कमी पडली का आपल्याला?"

"मार, टोमणे मार. उद्या लेकीची मुलाखत आहे. नऊच्या ठोक्याला तिला दारात उतरवतो की नाही बघ."

"कुठल्या दारात? परीक्षेच्या दिवशी पुलावर उतरवलं होतंत."

"पण पोचली ना वेळेवर? पाच मिनिटांत टॅक्सी मिळाली."

"माझ्या आईच्या ऑपरेशनला, तुमच्या भाच्याच्या लग्नाला, दर वेळी अगदी पाच मिनिटांत."

"देवाची कृपा म्हणायची."

"कृपा त्याचीच. फोन मात्र माझा असायचा."

"म्हणजे?"

"महत्त्वाचं काम असलं की निघण्याआधी मी त्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवते. तो आपल्या मागोमाग येतो."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"तुमचा एवढा जीव त्या गाडीवर, म्हटलं कशाला दुखवा! तोही बिचारा काल हळहळत होता, कंपनी बंद होतेय म्हणून."

"मग उद्या काय करायचं म्हणतेस?"

"उद्या लेक त्याच्या टॅक्सीत बसेल. तुम्ही आपली गाडी घेऊन मागून या, सावकाश."