पियुषचा चेहरा, बाबांचा मोबाइल

यवतमाळहून दिग्रसला निघालेल्या एसटीत प्रेरणाने अभ्यासाचे पुस्तक उघडले खरे, पण कान पुढच्या बाकावरच्या बाप-लेकाकडे लागले होते.

"काय पियुष, नागपूरचा पेपर कसा गेला?"

"मस्त गेला, बाबा."

"आत सोडाच्या आधी चेहरा तपासतेत म्हनते?"

"हो, आता सगळीकडंच तपासतेत."

"आन् आत गेल्यावर नाचा लागते?"

"तुमाले कोनं सांगितलं?"

"तुह्या आधारले मोबाइल नंबर माहाच हाये ना! नागपूरच्या त्या बारवाल्यानं दारावर आधारनं तुहा चेहरा तपासला, त मेसेज मलेच आला. पियुषजी, तुमचा चेहरा आमी जपून ठेवला, पुन्हा या."

"बाबा, हे माहं खाजगी हाये!"

"अस्सं! राशनच्या दुकानात म्या अंगठा देल्ला, त तू घंटाभर शिकवत होता, कुठंबी अंगठा देऊ नका म्हनून. आन् सोता दारावरच्या पैलवानाले अख्खं थोबाड देऊन आला."

"चुकलं, बाबा. पन आईले सांगू नका."

"मी कायले सांगू?"

प्रेरणाने पान उलटले नाही.

बाबा पुढे म्हणाले, "आन् मले मोबाइलवरचं बारीक अक्षर कुठं दिसते?"

"मंग तो मेसेज कोनं वाचला?"

"तुह्या मायनं. दिग्रसच्या स्टँडवर उभी हाये."