सदतिसावा शुक्रवार

— नाही, तो कागद तुम्ही नका भरू. मिस्टरांचा आहे ना? मग त्यांनाच भरू द्या. रक्त द्यायला गेलेत, येतील पाच मिनिटांत. झोप लागते का, भूक लागते का, मन उदास असतं का — ह्याची उत्तरं घरच्यांना माहीत असतात असं घरच्यांना वाटतं. मी हेमा. छे, इथे नोकरीला नाही. दर गुरुवारी येते, नव्या लोकांना फॉर्म समजावून सांगते. कोणी नेमलेलं नाही, कोणी काढतही नाही.

आणि तोंड असं नका करू. एचआयव्ही तर होताच, त्यात आता हे हिपॅटायटिस सी निघालं — ऐकल्यावर सगळ्यांचे चेहरे असेच होतात. पण तुमचं नशीब की हे दोन हजार सोळा साल आहे. बारा आठवडे गोळ्या. एचआयव्हीच्या गोळ्यांशी त्यांचं पटतंय ना, एवढं डॉक्टर बघून घेतात, की झालं. एचआयव्ही राहतो, तो आयुष्यभर सांभाळायचा. हा दुसरा मात्र जातो. खरंच जातो. नऊ वर्षांपूर्वी असं नव्हतं — नऊच वर्षं हो, फार नाहीत.

माझा धाकटा भाऊ, आमोद. त्याला जन्मापासून रक्त न गोठण्याचा आजार. इतर मुलं पडली की गुडघा झटकून पळायची, हा पडला की आम्ही रिक्षा बोलवायची आणि दवाखान्यात जाऊन रक्त चढवायचं. त्यातल्याच कुठल्यातरी बाटलीतून दोन्ही आले. एकाच बाटलीतून की दोन वेगळ्या, देव जाणे, तेव्हा कोण तपासत होतं? एचआयव्ही कळला तेव्हा तो कॉलेजात. पुढे गोळ्या मिळाल्या, लागू पडल्या, हिंजवडीला नोकरी लागली — दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, म्हणजे अगदी त्याच्या स्वभावाची. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि मग डॉक्टर म्हणाले, लिव्हर चाललंय. एचआयव्हीच्या जोडीला असला की हा दुसरा भराभर पोखरतो.

तेव्हा औषध काय? दर आठवड्याला पोटावर एक इंजेक्शन, शिवाय रोजच्या कॅप्सूल, अठ्ठेचाळीस आठवडे. एवढं करून गुण येईलच असंही नाही. आमोदसारख्यांत तर निम्म्यांनाही येत नाही, डॉक्टरांनी काही लपवलं नाही. इंजेक्शन मी द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी — म्हणजे शनिवार-रविवार ताप-थंडीत काढून सोमवारी कंपनीची बस गाठता यायची. कोथरूडचा आमचा ब्लॉक, फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ती खोकी. आईला सांगितलं होतं, कावीळ आहे. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन बजावलं होतं — ह्या इंजेक्शनने काहींचं मन काळवंडतं, फार काळवंडतं, तसं दिसलं तर त्याच दिवशी मला कळवा, आपण थांबवू. थांबवू — तो एवढा एकच शब्द माझ्या डोक्यात बसला बघा.

चोविसाव्या आठवड्याला रिपोर्ट आला — विषाणू सापडत नाही. मी तशीच दगडूशेठला जाऊन आले. आमोदने रिपोर्ट वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाला, "अजून किती?" मी म्हटलं, चोवीस. "बरं."

मग तो गप्प होत गेला. आधी चिडायचा — भाजी खारट, पंखा का लावला — ते परवडलं. पुढे पुढे आंघोळ करून यायचा आणि टॉवेल गुंडाळून तासभर पलंगावर बसून राहायचा. पाणी निथळून फरशीवर डबकं. एकदा म्हणाला, "ताई, माझ्या आत कोणीतरी बसलंय. माझ्याच आवाजात बोलतं." मी विचारलं, काय बोलतं? "आता पुरे म्हणतं." आणि मी काय केलं असेल? आलं घालून चहा केला.

तपासणीला यायचो तेव्हा हाच कागद असायचा. आमोदच्या बोटांचे सांधे धरलेले, म्हणाला, तू भर. मी भरला. झोप — ठीक. भूक — ठीक. जगणं नकोसं वाटतं का — नाही. तीन महिने, तीन कागद. तो इथेच बसलेला असायचा, माझ्या शेजारी. मी कुठे खूण करते ते बघायचा. एकदाही म्हणाला नाही, ताई, हे खोटं आहे.

तुम्हाला वाटेल, कसली बहीण ही. अहो, थांबवलं असतं तर तो विषाणू परत उलटला असता. मग दुसरं औषध कुठे होतं? मी त्याला वाचवत होते — अजून सांगते ना मी स्वतःला, भांडी घासताना, बसमध्ये. सदतिसाव्या शुक्रवारी तो म्हणाला, "ताई, आजचं नको." रडून नाही, भांडून नाही, जेवायला नको म्हणावं तसं. सुई माझ्या हातात तयार होती. मी म्हटलं, हे धरून बाराच राहिलीत रे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच शर्ट वर केला.

सोमवारी डबा घेऊन निघाला तो कंपनीत पोचला नाही. बुधवारी पोलिसांचा फोन आला — ते राहू दे, ते तुम्हाला ऐकवून काय करायचंय.

तेरावं झाल्यावर लॅबचा रिपोर्ट आला, आधी दिलेल्या रक्ताचा. विषाणू सापडत नाही. डॉक्टर स्वतः घरी आले, फाइल घेऊन. ते तीन कागद टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "हेमाताई, ह्यात तर काहीच नाही हो. माझ्या नजरेतून काय निसटलं?" आई समोर बसलेली. मी म्हटलं, चहा टाकते.

अजून ते नव्या डॉक्टरांना आमोदचं सांगतात — नाव न घेता — की कधीकधी आधी काहीच कळत नाही. दार उघडं असतं, ह्याच बाकावर बसून ऐकलंय मी. औषधं बदलली, ते इंजेक्शन गेलं, कागद मात्र त्यांनी ठेवला. ते अजून शोधतायत. आणि मी बाहेर बसून लोकांना फॉर्म समजावते. शुक्रवारी दिवेलागणीला त्याच्या खोलीतून पलंग करकरतो, तो कूस बदलायचा तसा. पलंग आम्ही केव्हाच देऊन टाकला. तरी मी दारापर्यंत जाते.

हे मी आईलाही सांगितलं नाही, ती तशीच गेली. तुम्हाला का सांगतेय, मला माहीत नाही.

आले तुमचे मिस्टर. द्या त्यांना कागद. आणि दारावरचा शिपाई दिगंबर हाक मारतोय, तुमचाच नंबर. — अहो, एक विचारू? तुमच्या आधी मी आत जाऊन आले तर चालेल? दोन मिनिटं. डॉक्टरांना एक —

चालेल म्हणता?

नको. रांग तुमची आहे. जा तुम्ही. आत गेल्यावर दार लोटून घ्या.