विहिरीजवळचं मिल्कवीड

"विहिरीजवळच्या मिल्कवीडच्या झुडपांवर गवत कापायचं यंत्र फिरू देऊ नकोस, व्हर्ना. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत गं."

व्हर्नानं शेजारच्या ॲडलीनला तसं वचन दिलं होतं. आज ॲडलीनच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात ती जेवणाच्या रांगेत उभी होती. पुढेच ॲडलीनची मुलं होती, ऑरिन आणि त्याची मोठी बहीण.

"ऑरिन, आईचं मिल्कवीड कुठं गेलं रे?" बहिणीनं विचारलं.

"कापलं."

"कापलंस? अरे, अळ्या होत्या त्यावर!"

"नंतर दिसल्या, ताई. यंत्राच्या चाकाला चिकटलेल्या."

"देवा!"

"लोक येणार होते. अंगण रानटी दिसत होतं."

"तुला कधीपासून अंगणाची पडली? आज दाढी तरी केलीस का? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. तू बटाटे वाढून घे."

परवा फोनवर व्हर्नाच त्याला म्हणाली होती, "जरा अंगण आवरून घे, बाळा. चारचौघांत बरं दिसत नाही."

ऑरिननं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

व्हर्नानं रिकामी ताटली परत ठेवली आणि स्वयंपाकघरातून एक बादली मागून घेतली. कापलेल्या गवतात एखादी अळी जिवंत असली, तर तिला रेल्वेच्या रुळांच्या कडेच्या मिल्कवीडवर नेऊन सोडायला ती ॲडलीनच्या अंगणाकडे चालू लागली.