कोपराला लागलेली गोळी

(पलटणीच्या संग्रहालयाचा दरवाजा. बाप, त्याची लेक आणि संग्रहालय दाखवणारा निवृत्त हवालदार.)

लेक : आत जायच्या आधी ठरवून घेऊ, बाबा. भांडायचं नाही.

बाबा : भांडायला आलंय कोण? एक पाटी दुरुस्त करून घ्यायची आणि घरी जायचं.

लेक : आई गेल्यापासून आज पहिल्यांदा दाढी करून बाहेर पडलात. मला वाटलं, तलवारी बघायच्या असतील.

बाबा : तलवारी खूप बघितल्या. त्यातल्या एकीनं आम्ही भटारखान्यात भोपळे फोडायचो.

लेक : हळू बोला, कुणी ऐकेल.

बाबा : ऐकू दे. जावईबापूंनी त्या कोटाचा फोटो पाठवला नसता, तर मला कळलंही नसतं. तुझ्या आईचं रफू मी लांबून ओळखलं. आणि खाली पाटीवर काय लिहिलंय, तर म्हणे जवानानं स्वतः शिवलं!

हवालदार : या, या! तिकिटं घेतलीत ना? चला, या तोफेपासून सुरुवात करू. हिचं वजन—

बाबा : तोफ राहू द्या. कोट कुठंय?

हवालदार : काका थेट मुद्द्याला! सगळे शेवटी त्याच कपाटापाशी थांबतात. हा बघा. नदीकाठची लढाई. धुकं एवढं, की स्वतःचा हात दिसेना. आणि हा जवान एकटा सरपटत पुढे निघाला.

बाबा : एकटाच?

हवालदार : एकटाच.

बाबा : बाकीचे काय, जेवत होते?

हवालदार : मागून साथ देत होते हो! तेवढ्यात गोळी आली, इथून, कोपरात. पण पठ्ठ्या थांबला नाही. नदी पोहून गेला. नंतर खंदकात बसून तंबूचा दोरा उसवला आणि एका हातानं रफू केलं. म्हणून हा हिरवा दोरा.

लेक : एका हातानं?

हवालदार : दुसऱ्याला गोळी लागली होती ना, ताई.

लेक : बाबा, हसू नका.

बाबा : तूच हसतेयस. हवालदारसाहेब, हा कोट माझा.

हवालदार : वा! पलटणीचा अभिमान असावा तर असा. तसा तो आपल्या सगळ्यांचाच.

बाबा : तसा नाही. माझा, अंगात घालायचा. मी पलटणीत आचारी होतो. चहाचं पातेलं घेऊन निघालो, दाराच्या कोयंड्यात बाही अडकली. चहा सांडू नये म्हणून तसाच पुढे गेलो, ती टर्रकन फाटली.

हवालदार : आचारी...

बाबा : रफू माझ्या बायकोनं केलं. खाकी दोरा घरात नव्हता, तिनं पडद्याची शिवण उसवून काढला. हे टाके तिचे आहेत. ती आता नाही. आणि तुम्ही लिहिता, मी शिवलं! मला अजून बटण लावता येत नाही.

लेक : हे खरंय. आजच्या शर्टाला सेफ्टी पिन आहे.

बाबा : ते सांगायची गरज नव्हती. ही गोळीची थाप कुणी मारली, तेवढं मला कळू दे.

हवालदार : काका, त्या बाईंनी सांगितलं.

बाबा : कुठल्या बाईंनी?

हवालदार : कोट घेऊन आल्या होत्या त्या. उंच होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

लेक : आई!

बाबा : कपाट आवरताना कोट तिनं इकडे देऊन टाकला, ते माहीत आहे. बरेच दिवस मी धुसफुसत होतो. पण ती खोटं बोलायची नाही. स्वतःचं वजनसुद्धा खरं सांगायची.

हवालदार : चूक माझी आहे. वरून सांगितलं होतं, लढलेल्यांच्याच वस्तू ठेवा. मी म्हटलं, बाई, आचाऱ्याचा कोट काचेत ठेवून काय करू? त्यांनी कोट परत पिशवीत घातला. बाहेर जाऊन बसल्या. मला कसंतरी वाटलं, मी चहा नेऊन दिला. चहा संपवून परत आल्या नि म्हणाल्या, लिहून घ्या, याला गोळी लागली होती. मी म्हटलं, आचाऱ्याला? तर म्हणतात, गोळी काय विचारून लागते?

लेक : आईच ती. दुसरी कोणी असूच शकत नाही.

हवालदार : आणि वर मलाच दटावलं. त्यांना सांगू नका, लाजतील म्हणाल्या.

बाबा : आणि ती नदी? धुकं? सरपटणं?

हवालदार : ते माझं. शाळेची पोरं येतात हो, त्यांना नुसती गोळी पुरत नाही. एका हातानं रफू केल्याचंही मीच जोडलं. हिरवा दोरा बघून सुचलं.

बाबा : नालायक आहात.

लेक : बाबा!

हवालदार : असू दे, ताई. पाटी आत्ता काढतो. पण खरं लिहिलं, तर वरचे हा कोट काचेत राहू देणार नाहीत. गोदामात जाईल.

लेक : मग घरीच नेऊ की आम्ही.

हवालदार : एकदा जमा झालेली वस्तू परत देता येत नाही.

लेक : बाबा? काय करायचं?

बाबा : गोळी राहू दे.

लेक : अहो, आपण कशासाठी आलो होतो?

बाबा : ती गोळी म्हणाली ना? मग गोळी. मी कुठं तिचं बोलणं खोडत बसू?

लेक : रोज खोडायचात.

बाबा : म्हणूनच. पण नदी काढा, हवालदार. मला पोहता येत नाही. आणि रफू बायकोनं केलं, असं लिहा.

हवालदार : 'जवान घरी परतल्यावर पत्नीने रफू केले.' चालेल?

बाबा : 'सुरेख रफू केले.'

हवालदार : सुरेख. बरं. पण उद्या कुणी विचारलं, तर कोपरावर व्रण वगैरे—

बाबा : आहे की. कढईचा.

लेक : मी बाहेर बाकावर बसते. दोघांचं ठरलं की या.

हवालदार : चला, काका, तुम्हीही बसा. चहा सांगतो.

बाबा : त्या दिवशी ती कुठं बसली होती?

हवालदार : ह्याच बाकावर. ताई बसल्यात ना, त्या टोकाला. पिशवी मांडीवर घेऊन.

बाबा : जरा सरक गं.