किती हळू चालतं?

– म्हणजे तुम्हालाही द्वारका चौकातल्या दुकानातूनच पाठवलं. वाटलंच मला. तुम्ही फोनवर ‘ट्रेडमिलबद्दल जरा विचारायचं होतं’ म्हणालात ना, तेव्हाच. बसा, ताई, अशा पंख्याखाली बसा. तो दुकानदार आमचं नाव सगळ्यांना देतो. इंदिरानगरला ज्योत्स्नाबाई राहतात, त्यांच्याकडे कधीपासून मशीन आहे, त्यांनाच विचारा म्हणतो, आणि लोक येतात. परवाच एक नवराबायको येऊन गेले. मी चांगलंय म्हटलं, त्यांनी चहा घेतला, गेले. पण तुम्ही यजमानांच्या शुगरसाठी बघताय, एकट्या आलात, आणि आल्या आल्या म्हणालात की काय असेल ते खरं सांगा. असं कुणी म्हणत नाही हो. चांगलंय ना, असंच विचारतात सगळे. मग चांगलंय म्हणायचं.

मी स्वतः किती वणवण केली होती तेव्हा. टीव्हीवर दुपारची ती जाहिरात लागायची – गोरी गोरी माणसं, हिंदीत बोलणारी, ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे – ते कसलं मत आलंय. भाऊ म्हणाला नेटवर बघ, तर सायबर कॅफेत जाऊन बसले. तिथे लोकांनी पानंच्या पानं लिहिलेली, पण सगळी अमेरिकेतल्या मशिनांबद्दल, इथे मिळतच नाहीत अशा. आमच्याच सोसायटीत एकींकडे होतं, त्यांच्याकडे गेले, तर त्याच्या दांडीवर टॉवेल वाळत टाकलेले, आणि बाई म्हणतात, एकदम मस्त आहे, डोळे झाकून घ्या. स्वतः घेऊन बसलेला माणूस वाईट कसं म्हणणार? दुकानदाराने एका गृहस्थांचा नंबर दिला, त्यांनी तर इतकं कौतुक केलं – नंतर कळलं, ते त्याचे साडू. हसताय, पण खरंच. आणि जो तो मला काय सांगायचा, तर ते किती जोरात पळतं. स्पीड एवढा, चढ एवढा. मला विचारायचं होतं, हळू किती चालतं? सगळ्यात हळू. म्हाताऱ्या माणसाला झेपेल इतकं हळू. आणि मधेच लाइट गेली तर झटका बसून माणूस पडतं का? हे एकालाही माहीत नव्हतं.

शेवटी मालनबाई भेटल्या, द्वारकेच्या मागच्या गल्लीतल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या खरोखर चालायच्या त्याच्यावर. म्हणाल्या, “अगं, लाइट गेली की पट्टा आपला सावकाश थांबतो. पण परत आली की आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. आणि मेलं आवाज फार करतं, खालचे लोक ओरडतात.” दोष सांगितला ना त्यांनी – तेव्हा मला वाटलं, ही बाई खरं बोलतेय. त्याच आठवड्यात घेतलं.

नाही, माझ्यासाठी नाही. सासऱ्यांसाठी. नाना. आत आहेत, झोपलेत, म्हणून जरा हळू बोलतेय. नाना रेल्वेत होते, इगतपुरीला. पावसाळ्यात घाटात रुळांवरून गस्त घालायची, दरड आलीय का, रूळ सरकलाय का बघत. उभा जन्म चालण्यात गेला. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, मग आम्ही इकडे आणलं. सुरुवातीला ठीक होते. मग विसरायला लागले. आधी माझं नाव, मग संडास कुठे ते, मग हे घर कुणाचं ते. पण पाय काही विसरले नाहीत, ताई. दार उघडं दिसलं की निघाले. एकदा पाथर्डी फाट्यावर सापडले, एकदा तर विल्होळीच्या पुढे, हायवेच्या कडेकडेने, इगतपुरीच्या दिशेने बरोबर. ट्रक जाताहेत बाजूने, आणि हे मान खाली घालून चाललेत. मग आम्ही दाराला कुलूप घालायला लागलो. तर ते दारावर थापा मारत बसायचे, तळहात सुजेपर्यंत. ‘सोडा मला, माझी बीट हाय’ म्हणायचे. बीट म्हणजे गस्तीचा टप्पा, ज्याचा त्याचा ठरलेला. डॉक्टर म्हणाले, चालणं थांबवू नका, घरातच काहीतरी करा, कुणीतरी शेजारी उभं राहा म्हणजे झालं. कुणीतरी म्हणजे मीच. किशोर, आमचे हे, अंबडला कंपनीत, शिफ्टा असतात त्यांना.

मशीन आलं तेव्हा नाना कितीतरी वेळ त्याच्याभोवती फिरले. मग उकिडवे बसले, पट्ट्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, “ह्यो सेक्शन कोणाचा?” मी म्हटलं, “तुमचाच, नाना.” चढले. मी बटण दाबलं. चालायला लागले तसे, ताई, त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सगळं हरवलेपण गेलं. दाराकडे बघणं बंद झालं. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. खालचे लोक ओरडले, मी ऐकून घेतलं.

मग काही दिवसांनी ते चालता चालता हाका मारायला लागले. “पुंजा, ए पुंजा.” समोर भिंत. मी किशोरना विचारलं, पुंजा कोण? म्हणाले, नानांचा गस्तीचा जोडीदार. एक इकडून निघायचा, एक तिकडून, मधे ठरल्या जागी दोघं भेटायचे, विडी ओढायचे आणि आपापल्या वाटेने परत फिरायचे. एका श्रावणात दिवसाउजेडी धुकं इतकं, की पुढचा खांब दिसत नव्हता. नाना ठरल्या जागी जाऊन उभे राहिले. पुंजा आला नाही. बराच वेळ थांबून नाना तसेच पुढे गेले, तर दरड आलेली, रुळावर मातीचा ढीग. नानांनी मागे पळत जाऊन गाडी थांबवली. केवढी माणसं वाचली. साहेबांनी शाल घातली खांद्यावर. पुंजा काही सापडला नाही. दरीत गेला म्हणतात. हे सगळं किशोरना रेल्वेतल्या इतरांकडून कळलेलं; नानांनी घरी येऊन त्याचं नावसुद्धा काढलं नाही कधी, आणि आता सगळं विसरल्यावर तेवढंच एक नाव तोंडात.

मग त्या लोडशेडिंगच्या दुपारी. लाइट जायची, पट्टा थांबायचा – अगदी मालनबाई म्हणाल्या तसा, सावकाश – पण नाना उतरायचे नाहीत. कंदील धरल्यासारखा हात पुढे करून उभे. “नाना, उतरा ना.” “पुंजा यायचाय.” लाइट येईपर्यंत तसेच, आणि मी शेजारी, त्यांचं कोपर धरून. तुम्हाला सांगते, उभं राहून राहून मीसुद्धा त्या भिंतीकडे बघायला लागले होते. येतोय का म्हणून.

मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी लाइट नव्हती. नाना कॉटवर पडले होते, मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. आणि पावलं वाजायला लागली. पट्टा चालू असला की मोटरची घुंई असते ना, तशी काही नव्हती. नुसती पावलं, पट्ट्यावरची. मला वाटलं, चढले नाना, आता पडतात. धावत गेले. नाना कॉटवर बसलेले. मांडी घालून, शांत. पट्टा एवढासा सरकला आणि थांबला, माझ्यादेखत. आणि खोलीत ओल्या घोंगडीचा वास, ताई. तिसऱ्या मजल्यावर. आमच्या घरात घोंगडीच नाही. नाना म्हणाले, “आला बघ. लय उशीर केला. दोन चहा टाक.”

मी टाकले. काय करणार होते? दोन कप नेऊन ठेवले. किशोर म्हणतात, नानाच चढून उतरले असतील, तू घाबरलीस. असेल. मीही असेल म्हटलं. पण त्या दिवसापासून नाना चालायचं नाव काढत नाहीत. दाराला कुलूप नाही आता, तुम्ही आलात तेव्हा नुसतं लोटलेलं होतं ना? बघतसुद्धा नाहीत तिकडे. जेवतात, गाढ झोपतात. मधेच हसतात कुणाशीतरी. डॉक्टर म्हणतात, या आजारात असा काळ येतो. येत असेल. नाना सुटले, एवढं मला कळतं.

मशीन? चालतंय ना. म्हणजे मी चालते. दुपारी, सगळ्यात हळूवर. हे म्हणतात विकून टाक, उगाच जागा अडलीय. मी काही ना काही कारण काढते. नाही, वजनबिजन काही नाही हो. नानांना कुणीतरी भेटलं, ते झोपले, आणि तेव्हापासून दुपारची मलाच झोप येत नाही. मग चढते. चालताना पुढे कुणीतरी आहे असं वाटतं. भीती नाही वाटत. पाठमोरं कुणीतरी, जरा पुढे, धुक्यात असल्यासारखं. थांबले की ते जातं. म्हणून थांबत नाही मी. कधी कधी चांगलं अंधारून येईपर्यंत. मी हे यांनासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तुमचं तर मला अजून नावही – 

नको, मशीन बघायला आत नका जाऊ. झोपलेत ते. आणि ही गाडी लागतेय खाली, ती आमचीच. किशोर आले. निघा तुम्ही, ताई. जिना ओला आहे, कठड्याला धरून उतरा. यजमानांना म्हणावं, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जा, चार माणसं असतात तिथे, बोलणारी. आणि तो दुकानदार विचारेल तुम्हाला – तर चांगलंय म्हणू नका, वाईट आहे असंही म्हणू नका. ज्योत्स्नाबाई घरी नव्हत्या म्हणा.