चौकटीवरचं नाव

मुरुडच्या बसमध्ये तनुजाच्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. लातूरला सिनेमा बघून परत निघालेले.

"समदे पोट धरून हसायले व्हते. तुमीच तेवढे न्हाई हसले."

"हसायचं काय त्याच्यात? यहुदी पोरगं अमेरिकेतून आज्याचं घर हुडकत पोलंडला आलं, अन् आता तिथं ऱ्हाणाऱ्यानं त्याला वर चहा पाजला!"

"नुस्तं दार बघून रडून गेलं की बिचारं."

"आज दार बघितलं, उद्या हिस्सा मागंल."

"मला डुलकी लागली तवा. घर वळखलं कसं त्यानं?"

"चौकटीवर आज्याची खूण व्हती."



"आपल्या चौकटीवर बी उर्दूत कोणाचं तरी नाव हाय की, हो."

नवऱ्यानं वळून मागं पाहिलं. तनुजानं खिडकीबाहेर नजर वळवली.

"हळू बोल. इंटरवलपासून सुतारालाच फोन लावायलोय."