फक्कीच्या रेघेवर खोदलेला चर

जबाब, दिनांक ६/५/१९९८

नाव भटू पुना नांदरे, वय ५८ वर्षे, धंदा शेती व गावच्या डोंगराची राखण, राहणार बोरदेवळी, तालुका साक्री, जिल्हा धुळे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील गावी पत्नी यशोदाबाई हिच्यासह राहतो. गावाच्या वरच्या अंगाला आमचा डोंगर आहे. १९८६ साली त्यावर गवताची काडी नव्हती. तेव्हा गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ठरवली आणि मला राखणदार नेमले. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून मी आधी घरच्या सात शेळ्या विकल्या. यशोदाबाई चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मृदसंधारणवाले डोंगरावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारून जातात. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस त्या रेघेवर चर खोदतो. चरात पाणी थांबते, माती थांबते. आता आश्विनात गवत कमरेला लागते. फक्की दिसली की खोदायचे, एवढेच गावाला ठाऊक आहे.

दि. २७/४ रोजी पवनचक्कीच्या ठेकेदाराचे इंजिनिअर श्री. देशमाने आले. माथ्यावर चार पवनचक्क्या बसवायच्या आहेत. त्यास आमची हरकत नाही. वारा फुकटचा आहे, नेवोत बापडे. गावात वीज दिवसाआड येते, ती आम्हालाही हवी आहे. पण रस्ता त्यांनी चरांवरून काढला. त्यात बत्तीस चर बुजणार होते. मी त्यांना मागच्या अंगाची जुनी गाडवाट सांगितली. तिकडे नुसता खडक आहे, बिघडण्यासारखे काही नाही. अडीच किलोमीटर लांब पडते. ते म्हणाले, "आबा, नकाशा मंजूर झालाय." जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. मला फार राग आला. पण बारा वर्षे लोकांशी भांडून माझा घसा बसला आहे, म्हणून गप्प राहिलो. त्यांच्या माणसांनी रस्त्यासाठी फक्की मारली व ते गेले.

दि. ३०/४ रोजी, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता माझ्यासह एकेचाळीस माणसे कुदळ-पाटी घेऊन डोंगरावर जमली. यंदा मृदसंधारणवाले आलेच नव्हते, हे लोकांना माहीत नव्हते. शेजारची बेबाबाई हिने मला विचारले, "भटूनाना, हाई रेघ आपलीच शे ना?" मी म्हणालो, "फक्की शे ना? मंग खंदा." पहिली कुदळ मी मारली. दर दहा पावलांवर मातीचा आडवा बांध सोडायला सांगितले. बारापर्यंत काम उरकले. भाकरी खाऊन लोक घरी गेले.

दि. ४/५ रोजी पवनचक्कीच्या सामानाचे ट्रक आले व पायथ्याशी अडकले. रस्ता मुद्दाम खोदला अशी फिर्याद श्री. देशमाने यांनी आम्हा सर्वांविरुद्ध दिली. त्यात बेबाबाईचे नाव पहिले आहे. श्री. देशमाने यांचे म्हणणे, चुकून खोदणारे बांध कशाला सोडतील? हवालदारसाहेब म्हणाले, "नाना, चुकून झालं म्हणा, मिटेल." लोकांपुरते ते खरेच आहे.

हवालदारांनी सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितले तसेच उतरले आहे, पण अपुरे आहे, म्हणून अंगठा देण्याआधी माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर वाढवला.

चराची रेघ सपाट असते. ही रेघ चढत होती. खोदण्याआधी मी ती दोनदा चालून पाहिली होती. चढत्या चरात पाणी धावते आणि डोंगराची माती घेऊन जाते, म्हणून बांध सोडायला लावले. इतरांना कारण माहीत नाही. तरी बाकीची चाळीस नावे खोडावीत. मला आत ठेवणार असाल तर यशोदाबाईला निरोप द्यावा, की डोंगराकडे कोणाच्या शेळ्या वळल्या तर आता तिलाच हाकलाव्या लागतील.

भटू पुना नांदरे, डाव्या हाताचा अंगठा.